बंदराची वाट आणि दोन मानपाडे

एखाद्या शहराच्या भर चौकापासून त्याचे बंदर किती कोसांवर आहे, हे नकाशावरून सांगता येते; परंतु तेथवर पोहोचण्यास किती वेळ लागे, वाटेत किती नाक्यांवर जकात भरावी लागे, कोणाचे दस्तक जवळ बाळगावे लागे आणि अखेरीस काठावर जाऊन उभे राहिल्यावर समोर पाणी असेल की चिखल, याचा भरवसा कितपत असे, या गोष्टी नकाशा सांगत नाही. बंदरांचे इतिहास लिहिणाऱ्यांनी जहाजांची, मालाची आणि लढायांची वर्णने भरपूर केली आहेत. गाव आणि धक्का यांच्यामधील वाटेकडे मात्र त्यांचे लक्ष सहसा गेलेले नाही. माझे मत असे की, ठाणे-कल्याणच्या खाडीकाठची बंदरे पाण्यामुळे जितकी जगली वा बुडाली, त्याहून अधिक ती या वाटेमुळे जगली आणि बुडाली.

या प्रांतात दोन मानपाडे आहेत, आणि दोन्ही आज शहरांच्या पोटात गेलेले आहेत. पहिला ठाण्याच्या उत्तरेस, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. चितळसर-मानपाडा या जोडनावाने तो ओळखला जातो, आणि माजिवड्याहून निघालेला रस्ता त्याच्या अंगावरून, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे, गायमुख ही गावे मागे टाकीत घोडबंदरास जातो. दुसरा मानपाडा डोंबिवलीच्या पूर्वेस, मानपाडेश्वराच्या देवळाचा. डोंबिवलीहून निघालेला मानपाडा रस्ता तेथे कल्याण-शीळ रस्त्यास मिळतो, आणि शिळेपासून पुढे तळोज्यावरून पनवेल गाठता येते. म्हणजे एक मानपाडा घोडबंदराच्या वाटेवर आणि दुसरा पनवेल बंदराच्या वाटेवर बसलेला आहे. पण आज या दोन्ही ठिकाणी वाहनांच्या रांगेत अडकून पडलेल्या माणसास, आपण एका बंदराच्या वाटेवर उभे आहोत, असे कोणी सांगितले तर तो सांगणाऱ्याकडेच संशयाने पाहील.

या सर्व बंदरांत ज्येष्ठ कल्याणचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील कोणा अनामिक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या प्रवासपोथीत कल्याणचा उल्लेख आहे, आणि तो मोठा मार्मिक आहे: एका राजाच्या कारकिर्दीत येथे रीतसर व्यापारपेठ होती, परंतु पुढे दुसऱ्याच्या हाती बंदर गेल्यावर व्यापारास इतका अडथळा झाला की, चुकून येथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. कल्याणच्या खाडीचे पाणी त्या दोन कारकिर्दींच्या दरम्यान आटले नव्हते. बदलला होता तो अंमल. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे, त्यावरून येथील पैका किती वाहता होता हे दिसते. आणि तो पैका येत होता तो घाटावरून. पैठण व जुन्नर येथील माल नाणेघाटाने उतरून मुरबाडमार्गे कल्याणास येई. घाटमाथ्यावर कोरलेला दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता अशी जी समजूत आहे, ती कोणास कितपत मान्य होईल हे बाजूस ठेवले, तरी घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रदीर्घ लेख कोरलेला आहे, आणि राजघराणी आपले लेख निर्जन आडवाटेवर कोरवीत नाहीत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ख्रिस्ती प्रवासी कल्याणची गणना मोठ्या पेठांत करतो व तेथून तांबे, लाकडाचे ओंडके व कापड बाहेर जाते असे सांगतो. यांतील एकही जिन्नस खाडीकाठी निपजत नव्हता.

ठाणे हे शिलाहारांचे श्रीस्थानक. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याच्या राज्याविषयी जे लिहितो, त्यात कातड्याचा व सुती कापडाचा उल्लेख आहेच. परंतु मौजेची गोष्ट घोड्यांची. त्याच्या सांगण्याप्रमाणे येथील राजाने समुद्रावरील चाच्यांशी असा करार केला होता की, लुटीतील घोडे तेवढे राजाचे आणि उरलेला सर्व ऐवज चाच्यांचा; कारण राजाच्या मुलखात घोडे नव्हते, आणि पश्चिमेकडून हिंदुस्थानकडे येणारे जहाज घोड्यांवाचून सहसा येत नसे. न्यायाच्या दृष्टीने हा करार निंद्य खरा. पण तत्कालीन राज्यकर्त्यास बंदराचे मर्म किती अचूक उमगले होते, हेही त्यातून दिसते. पुढे पोर्तुगीजांच्या काळी उल्हास खाडीच्या वळणावर जे बंदर भरभराटीस आले, त्याच्याही नावास घोडा चिकटला, आणि तेथे अरबी घोड्यांचा व्यापार चाले असे परंपरेने सांगतात.

आता या बंदरांवर माणूस जात कसा असे, ते पाहिले पाहिजे. खाडीचे बंदर म्हणजे समुद्राचे बंदर नव्हे. येथे पाणी दिवसातून दोनदा येते आणि दोनदा जाते. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील अंतर सुमारे 5 मीटरपर्यंत जाते, आणि ओहोटीस ज्या ठिकाणी तासापूर्वी मचवा डौलाने डुलत होता, तेथे गुडघाभर गाळ उघडा पडतो. म्हणून गावातून निघण्याची वेळ घड्याळावर नव्हे, पंचांगावर ठरे. तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी, की भरतीची वेळ निघते, हा कोकणच्या किनाऱ्यावरील तोंडी हिशेब: चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास, आणि अमावास्या-पौर्णिमेस मध्यान्ही व मध्यरात्री. हा हिशेब समुद्रकिनाऱ्याचा; ठाण्यास, आणि त्याहून आत कल्याणास, पाणी पोहोचण्यास आणखी अवधी लागे, तो तांडेलाने मनात धरलेला असे. मुंबईहून कल्याणास येणारा पडाव भरतीबरोबर निघे, तिच्याच रेट्याने ठाण्याची अरुंद खाडी ओलांडी, वारा पडल्यास खलाशी वल्ही मारीत, आणि भरती अर्ध्यावर संपली तर पुढील पाण्याची वाट पाहत नांगर टाकून बसण्यावाचून गत्यंतर नसे. मग सामानसुमान घेऊन बंदरावर आलेल्या कुटुंबास धर्मशाळेत, एखाद्या वडाखाली किंवा ओळखीच्या आडत्याच्या ओटीवर मुक्काम पडे. बंदराच्या आसपास देऊळ, विहीर, दर्गा, वखार आणि खानावळ यांची जी दाटी दिसते, तिचे कारण भाविकता जितके, तितकेच हे सक्तीचे थांबणे होय.

गाव आणि काठ यांमधील अंतर बैलगाडीचे असे, तालेवारांसाठी पालखी-मेण्याचे; हमालाच्या डोक्यावरून तर सर्वांचेच. तरीचा मक्ता सरकारातून दिला जाई, आणि पलीकडे जाण्यासाठी मक्तेदाराच्या होडीवाचून दुसरा उपाय नसल्यामुळे त्याची मर्जी हाच जणू अर्धा कायदा. पहिल्या मानपाड्यापासून पूर्वेस कोसाच्या आतबाहेर कोलशेत आहे. समोर, खाडीपार, काल्हेर. ठाण्याच्या बाजूने भिवंडीकडे जाणाऱ्यास हा उतार सोयीचा होता. दोन्ही काठांवर कोळी व आगरी वस्ती. भात, मीठ, मासळी, गवत आणि पुढच्या काळात रेती, असा या खाडीच्या मालाचा क्रम सांगता येईल. रेतीने मुंबईच्या इमारती उभ्या केल्या आणि खाडीच्या काठोकाठ 'रेतीबंदर' हे नाव पेरून ठेवले. मुंब्र्यास रेतीबंदर आहे, डोंबिवलीच्या मोठागावास आहे. इतिहासकारांना घोडे आठवतात, रेती आठवत नाही. वास्तविक रेतीच्या होड्यांनी या खाडीवर अगदी अलीकडेपर्यंत जितकी माणसे पोसली, तितकी घोड्यांनी क्वचितच पोसली असतील.

1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि मराठी आरमाराचा पाया याच खाडीकाठी घातला गेला. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी पाणी होते, डोंगरातून येणारे लाकूड होते, आणि कसबी हात कमी पडले तेव्हा रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराच्या देखरेखीखाली गलबते बांधण्याचे काम 1659 च्या सुमारास चालले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना त्याचा सुगावा लागताच त्यांनी आपली माणसे फितवून परत नेली. पुढे 1675 साली जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य जुन्नरच्या मोगल अंमलदाराकडे निघाला असता मुंबईहून होडीने ठाण्यावरून कल्याणास उतरला, आणि लढायांनी उद्ध्वस्त झालेल्या त्या शहराचे भग्नावशेष पाहून हळहळला. त्याचा मार्ग लक्षात घेण्याजोगा आहे: पाण्याने कल्याण, तेथून मुरबाडच्या बाजूने घाट. सातवाहनांची वाट दीड हजार वर्षांनंतरही तीच होती. मोगल अमलात कल्याणभोवती जो तट पुरा झाला, त्याच्या दरवाजांत एक बंदर दरवाजा होता आणि एक पनवेल दरवाजा. शहराने आपल्या वेशींना नावे दिली ती आपण कोठे जातो यावरून.

घोडबंदरची कथा निराळी. ठाण्याहून ते सुमारे 10 मैलांवर. साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला खाडी वळसा घेते तेथे, समोर वसईचा मुलूख. फिरंगाणाच्या काळात फ्रायरने या गावासही भेट दिली होती. 1737 साली चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत ठाणे पडले, घोडबंदर पडले, 1739 च्या मे महिन्यात वसई पडली, आणि साष्टीवर मराठ्यांचा अंमल बसला. तो फार टिकला नाही: 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले व 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. एक प्रश्न येथे सहज उद्भवतो की, ठाण्याहून घोडबंदरास खाडीने जाता येत असताना डोंगराच्या कुशीतून रस्ता कशास हवा होता? उत्तर भरती-ओहोटीत आहे. मालास भरतीची वाट पाहणे परवडते; सुभेदारास, कलेक्टरास, टपालास आणि फौजेस ते परवडत नाही. म्हणून पाणी आणि रस्ता समांतर चालले, आणि मानपाड्याच्या अंगावरून जाणारी ही वाट मूळची मालाची नव्हे, हुकुमाची वाट होय, असे माझे अनुमान आहे. घोडबंदरातील जुने पोर्तुगीज देवालय पुढे इंग्रज अंमलदारांचा बंगला झाले, ही गोष्ट या अनुमानास पुष्टी देते.

पनवेलचे महत्त्व पुण्यामुळे. मुंबईहून पुण्यास जाणारा माणूस होडीने पनवेलास उतरे आणि बोरघाट चढे. 1830 साली गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलच्या धक्क्यावर गाड्यांची रीघ लागली. कल्याणहून दक्षिणेस जाणारी वाट या धक्क्याशी जोडलेली होती, आणि डोंबिवलीकडचा मानपाडा त्या वाटेच्या शेजारचा. त्याबद्दल याहून अधिक सांगण्याजोगे फारसे नाही. तो शेतीचा मुलूख होता, आणि शेतीच्या मुलखाचा इतिहास दप्तरात सारावसुलीपुरताच उमटतो.

16 एप्रिल 1853 रोजी दुपारी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. 14 डबे, 3 इंजिने, सुमारे 400 निमंत्रित, हा तपशील शाळेतील पोरासही पाठ असतो. परंतु ही गाडी एका बंदरावरून निघून दुसऱ्या बंदरास आली, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आज ज्या ठिकाणी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस उभे आहे, त्याच्या लगत होड्या लागत आणि माल उतरे; म्हणूनच ते बोरीबंदर. 1 मे 1854 रोजी लोहमार्ग कल्याणास पोहोचला, 1863 साली बोरघाट व 1865 साली थळघाट त्याने ओलांडला, आणि दोन सहस्रकांची व्यवस्था अवघ्या 12 वर्षांत उलटी झाली. पूर्वी घाटावरचा माल कल्याणास येऊन गाडीवरून उतरे व होडीत चढे. त्या उतरण्या-चढण्यातच आडत्याची आडत, हमालाची हमाली, नाखव्याचे नूर आणि सरकारची जकात होती. आता तोच माल डब्यातून न उतरता थेट मुंबईच्या गोदीवर जाऊ लागला. कल्याण जंक्शन झाले म्हणून कल्याणकरांनी अभिमान बाळगला, तो यथार्थही होता. परंतु जंक्शनात माल थांबत नाही, आणि थांबत नाही तेथे पैका साचत नाही. शहराचा मध्यबिंदू बंदराकडून स्टेशनाकडे सरकला. ठाण्यातही तेच झाले. बाजार, कचेऱ्या, टांग्यांचे अड्डे यांनी खाडीकडे पाठ फिरवली.

मग ठाणे-कल्याणच्या माणसाचे बंदर कोणते? मुंबईचे. भाऊ रसूल म्हणून प्रसिद्ध असलेल्या लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या भाऊच्या धक्क्याचे नाव माझगावच्या धक्क्यास मिळाले, आणि रेवस, दाभोळ, रत्नागिरीकडील आगबोटींसाठी चाकरमानी तेथे जाऊ लागले. गणपतीच्या आदल्या आठवड्यात ठाण्याहून निघालेले कुटुंब ट्रंका, बोचकी आणि पोरे सांभाळीत आगगाडीने मुंबई गाठी, तेथून पुढे व्हिक्टोरिया वा हमाल करून धक्क्यावर जाई. आगबोटीच्या तिकिटाहून या शेवटच्या मैलाचा त्रास अधिक, ही तक्रार त्या पिढीच्या तोंडी कायमची होती. 17 जुलै 1947 रोजी याच धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे पावसाळ्यात बोटीचे नाव काढले की घरातील वडीलधारी माणसे गप्प होत.

साहेबाने आपल्यापुरता शेवटच्या मैलाचा प्रश्न सोडविला होता, आणि किती सुबक रीतीने! अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीदगडांनी भराव घालून 1914 ते 1918 या काळात बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. तिच्या टोकास बॅलार्ड पिअर, आणि पिअरला अगदी लागून मोल स्टेशन. विलायतेहून आलेला अधिकारी टपालबोटीतून उतरला की, काही पावलांवर उभ्या असलेल्या गाडीत बसून थेट पेशावरच्या दिशेने जाऊ शके. मुंबई शहर त्याच्या वाटेत येतच नसे. याच बॅलार्ड पिअरवरून 29 ऑगस्ट 1931 रोजी महात्माजी 'राजपुताना' बोटीने गोलमेज परिषदेस निघाले. बोट आणि गाडी एकाच फलाटावर आणण्याची कल्पना या देशात एकदा प्रत्यक्षात आलेली होती; ती फक्त आगबोटीच्या वरच्या वर्गापुरती होती, इतकेच.

आता सद्यःस्थिती. 1989 साली न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले, आणि त्याच्या कंटेनरांनी जुन्या वाटा पुन्हा शोधून काढल्या. गुजरातकडे जाणारी अवजड वाहने ठाण्यावरून घोडबंदर रस्त्याने, म्हणजे पहिल्या मानपाड्यावरून जातात. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारी कल्याण-शीळ रस्त्याने, म्हणजे दुसऱ्या मानपाड्यावरून. घोडबंदरावर घोडे उतरत नाहीत, पनवेलच्या धक्क्यावर पुण्याचा उतारू उतरत नाही, तरी दोन्ही वाटा बंदराच्याच राहिल्या आहेत. फरक इतकाच की, वाट ज्याच्या दारावरून जाते त्या गावाला आता बंदराचा धूर मिळतो, मिळकत मिळत नाही. इकडे 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने वसई खाडी व उल्हास नदी हा 145 किलोमीटरचा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 म्हणून जाहीर झाला आहे. कल्याण, डोंबिवली, कोलशेत, काल्हेर, घोडबंदर या जुन्याच नावांपुढे जेट्टी हा नवा शब्द कागदोपत्री लागला आहे. 2024 साली वसई व भाईंदर यांच्या दरम्यान वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हा ज्या अंतरासाठी रस्त्याने घोडबंदरचा वळसा पडत असे, ते पाण्यावरून काही मिनिटांचे झाले.

ही चिन्हे शुभ आहेत, परंतु ती पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. जलमार्गाच्या योजनेवर जे बोलले जाते ते बोटींविषयी, खाडीतील गाळ उपसण्याविषयी आणि कोट्यवधींच्या खर्चाविषयी; मानपाड्याच्या नाक्यावर राहणारा माणूस कोलशेतच्या धक्क्यावर सकाळी आठ वाजता कशाने पोहोचेल, तेथे ओहोटीच्या वेळी बोटीत चढण्यासाठी तरता धक्का असेल की चिखल, आणि डोंबिवली पूर्वेच्या माणसास रेल्वेचा रूळ ओलांडून मोठागावास जाण्यास लागणारा वेळ मुंबईस पोहोचण्याच्या वेळेहून कमी असेल की नाही, हे प्रश्न त्या मानाने क्षुल्लक समजले जातात. ते क्षुल्लक नाहीत. कल्याणचे बंदर गाळाने भरण्यापूर्वीच रुळाने रिकामे केले होते. तेव्हा महानगरपालिकांनी आणि मेरीटाइम बोर्डाने जेट्टीच्या कोनशिला बसविण्याआधी गावातून तेथे जाणारा रस्ता, त्यावरची बस आणि तिचे वेळापत्रक भरतीच्या वेळांशी जुळवून आखावे, आणि हे काम पुढच्या अंदाजपत्रकावर न ढकलता याच अंदाजपत्रकात धरावे, एवढी मागणी खाडीकाठच्या नागरिकांनी लावून धरली पाहिजे.